तारेवरचा नंबर: फेरूल ते सॉफ्टवेअर

आज गोष्ट एका इवल्याशा नळीची. तिला म्हणतात फेरूल. पॅनलमधल्या प्रत्येक तारेच्या टोकाला ती असते, आणि तिच्यावर नंबर छापलेला असतो.

एवढ्याशा नंबरचं काय कौतुक? आपल्या बीड जिल्ह्यातलंच बघा. तेलगावला लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे. कुठल्याही साखर कारखान्याचा गाळप हंगाम रात्रंदिवस चालतो. तोडलेला ऊस थांबला की वाळतो, उतारा घटतो. मग रात्री दोनला एखादी मोटर अडली, तर इलेक्ट्रिशियनसमोर शेकडो तारा आणि हातात एक ड्रॉइंग. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग. ड्रॉइंगवरचा नंबर आणि फेरूलवरचा नंबर जुळला, तरच फॉल्ट लवकर सापडणार.

हे नंबर द्यायची आपल्याकडची जुनी रीत ब्रिटिश पद्धतीवरून आली. १९६३ च्या आयएस ३७५ या भारतीय मानकात स्विचगियरच्या वायरिंगवरच्या खुणांचे नियम आहेत. या रीतीत आधी अक्षर, मग आकडा. 'के' म्हणजे क्लोजिंग-ट्रिपिंगचं सर्किट, 'एल' म्हणजे अलार्म आणि इंडिकेशन. डीसीमध्ये पॉझिटिव्ह बाजूला विषम आकडे, निगेटिव्हला सम. म्हणजे ड्रॉइंग नसलं तरी तार स्वतःच आपलं काम सांगायची!

मग आला कॉम्प्युटर. १९८२ मध्ये ऑटोकॅड, १९८४ मध्ये जर्मनीत ईप्लॅन कंपनी. २००३ मध्ये ऑटोडेस्कने व्हीआयए डेव्हलपमेंट कंपनी विकत घेतली, आणि तिच्या सॉफ्टवेअरमधून ऑटोकॅड इलेक्ट्रिकल पुढे आलं. हाताने दिवसभर चालणारं नंबरिंग आता एका क्लिकवर होतं. मध्ये कॉन्टॅक्ट किंवा दुसरं काही उपकरण आलं की नंबर बदलायचा, नुसता जोड असेल तर तोच ठेवायचा, हे सॉफ्टवेअरला कळतं.

पण नंबर कसा असावा, हे आपणच सांगायचं असतं. सलग एक, दोन, तीन घेतलं तर नंबर मिळतो, अर्थ मिळत नाही. ड्रॉइंगच्या ओळीवरून नंबर घेतला तर तार कुठल्या ओळीत शोधायची, ते लगेच कळतं. आणि लेअरनुसार वेगळा फॉरमॅट लावला, तर ती जुनी 'के', 'एल' अक्षरंही परत आणता येतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फिक्स. पॅनल बसलं, फेरूल चढले, की ड्रॉइंगमधले नंबर फिक्स करून टाकायचे. नाहीतर वर्षभराने कुणीतरी एक रिले वाढवतो, पुन्हा ऑटो नंबरिंग चालवतो, आणि कागदावरचे सगळे नंबर पुढे सरकतात. पॅनलमधले मात्र जागच्या जागी! मग रात्री दोनला त्या ड्रॉइंगचा उपयोग काय?

आपण कोड लिहिणारे याला डेटाबेसचा आयडी म्हणू. एकदा दिला की बदलायचा नाही. फेरूलवाल्यांना हे आपल्या आधीपासून माहीत होतं.

चला, भेटू पुढच्या एपिसोडला!