यवतमाळची जुनी इंजिने आणि ताकदीचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यात यंत्राची ताकद आली ती कापसाच्या पाठोपाठ. 1853 मध्ये वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला, 1861 ते 1865 च्या अमेरिकी यादवीत कापसाचे भाव चढले आणि त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोहोचली. हा मुख्य मार्ग यवतमाळला बाजूला ठेवून गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीने उभ्या केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने अडीच फुटी रुळांची यवतमाळ–मूर्तिजापूर लाईन टाकली आणि ती उणीव भरून काढली. दारव्हा, कारंजा अशी कापसाची गावे जोडणाऱ्या या सुमारे 113 किलोमीटरच्या लाईनवरची गाडी पुढे ‘शकुंतला’ म्हणून ओळखली गेली.

शकुंतलेचे वाफेचे इंजिन 1921 मध्ये मँचेस्टरला बांधलेले, झेड-डी वर्गाचे. 1923 मध्ये ते रुजू झाले आणि 15 एप्रिल 1994 रोजी डिझेल इंजिन येईपर्यंत धावत राहिले. सत्तर वर्षे एका यंत्राकडून काम घ्यायचे, तर त्याची ताकद रोज राखावी लागते. वाफेच्या इंजिनात ही राखण महाग सुट्या भागांपेक्षा पाणी, कोळसा आणि तेल यांच्या शिस्तीवर अवलंबून असते.

पहिला शत्रू म्हणजे बॉयलरमधला क्षार. काळ्या पाषाणातल्या विहिरींचे पाणी बहुधा जड असते. ते उकळले की नळ्यांवर पापुद्रा बसतो, आगीची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही आणि तेवढ्याच कोळशात वाफ कमी होते. ठरावीक दिवसांनी बॉयलर थंड करून धुणे आणि गाळ सोडून देणे हा त्यावरचा सर्वात स्वस्त उपाय. दुसरी गोष्ट आगीची. कोळसा सारख्या आकाराचा फोडलेला, थर पातळ आणि राख वेळेवर काढलेली असेल, तर जाळीतून हवा मोकळी खेळते. एकदम ढीगभर कोळसा टाकणारा फायरमन धूर जास्त आणि वाफ कमी मिळवतो. तिसरी गोष्ट ड्रायव्हरच्या हाताची. गाडी हलवताना सिलिंडरला भरपूर वाफ द्यायची, वेग आला की पुरवठा लवकर तोडायचा आणि आत कोंडलेल्या वाफेला प्रसरण पावत पिस्टन ढकलू द्यायचा. यात पाणी व कोळसा दोन्ही वाचतात, आणि चढावर लागणारी वाफ शिल्लक राहते. पावसात चाके घसरू लागली तर रुळावर वाळू सोडायची, कारण चाकाची पकड सुटली की बॉयलरची सगळी ताकद वाया जाते.

लाईनचे उतारही मदतीला होते. यवतमाळ पठारावर, तर मूर्तिजापूर पूर्णेच्या सखल खोऱ्यात. त्यामुळे कापसाने भरलेल्या गाड्यांची वाट एकंदर उताराची होती. वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास, म्हणून लहान इंजिनही पुरले.

जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांतही सुरुवातीला वाफेचीच सत्ता होती. एका इंजिनावरून लांब शाफ्ट फिरे आणि पट्ट्यांनी एकेक जिन चाले. शाफ्ट सरळ रेषेत, बेअरिंगांना तेल आणि पट्टा योग्य ताणाचा, एवढे सांभाळले तर त्याच इंजिनावर आणखी जिन चालवता येत.

शेतात यंत्र पोहोचले ते ऑइल इंजिनाच्या रूपाने. इंग्लंडमधील लिस्टर कंपनीच्या नमुन्याची, मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेरे घेणारी, जड फ्लायव्हीलची इंजिने आधी आली. 1946 मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि देशी बनावटीचे इंजिन मोटेची जागा घेऊ लागले. ही इंजिने दोन-दोन पिढ्या चालली. ती चालवत ठेवणाऱ्या गावोगावच्या मिस्त्रींचे काम कारखान्यातल्या कामाइतकेच मोलाचे मानायला हवे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच तेल पेटते, म्हणून जुन्या इंजिनाची ताकद मुख्यतः कॉम्प्रेशनमधून गळते. व्हॉल्व्ह घासून बसवणे, रिंगा बदलणे, गरज पडल्यास लायनर-पिस्टन नवे घालणे आणि टॅपेटचे अंतर नीट ठेवणे, एवढ्यावर बरीच ताकद परत येते. नोझल झिजले की तेलाची फवार होण्याऐवजी थेंब पडतात आणि काळा धूर निघतो. काळी माती आणि कापसाची रुई यांनी एअर फिल्टर तुंबतो, तेव्हाही धूर काळाच. निळा धूर मात्र रिंगांची तक्रार सांगतो. आणखी एक चूक फार घडते: विहिरीचे गार पाणी सरळ इंजिनाच्या जॅकेटमधून सोडले जाते. इंजिन वाजवीपेक्षा थंड राहिले की तेल जास्त जळते व झीज वाढते. बाहेर पडणारे पाणी साठ-सत्तर अंशांवर राहील इतपत प्रवाह कमी करायला एक साधा कॉक पुरतो.

गव्हर्नरची स्प्रिंग आवळून फेरे वाढवणे हा उपायही केला जातो, आणि तोच सर्वात घातक. फेरे 20 टक्के वाढले की फ्लायव्हीलवरचा ताण 44 टक्क्यांनी वाढतो. बिडाचे जुने चाक त्याने फुटू शकते. पंपाचे गणित तर याहून कठोर: 10 टक्के वेग वाढवला की लागणारी ताकद सुमारे 33 टक्क्यांनी वाढते. दमलेल्या इंजिनाला उलट पुली बदलून पंप थोडा सावकाश फिरवणे मानवते, मात्र पाणी वरपर्यंत चढेल इतका वेग हवाच.

खरी बचत इंजिनाच्या बाहेर होती. एक अश्वशक्ती सेकंदाला 75 किलो पाणी एक मीटर उचलते. बारा मीटर खोल पाणी सेकंदाला आठ लिटर काढायचे तर हिशेबाने सव्वा अश्वशक्तीच्या आसपास ताकद लागते, तरी विहिरीवर पाच अश्वशक्तीचे इंजिन धापा टाकताना दिसे. उरलेली ताकद पंप, घट्ट फूटव्हॉल्व्ह, अरुंद पाइप आणि काटकोनी बेंड खात. पाइप अडीच इंचीऐवजी तीन इंची घातला, तर तेवढ्याच पाण्याला घर्षण जवळपास दोन-पंचमांश उरते. 1970 च्या दशकातील तेलटंचाईनंतर पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटनेने हेच देशभर सांगितले: मोकळा फूटव्हॉल्व्ह, गुळगुळीत पीव्हीसी पाइप, कमी वळणे. शोषणाची उंची सहा-सात मीटरच्या आत राहावी म्हणून पंप विहिरीतल्या ओट्यावर उतरवावा लागे. इंजिन मात्र वर ठेवणेच शहाणपणाचे, कारण विहिरीत साचणारा धूर जीव घेतो.

पुढे वीज आली आणि विहिरीवर मोटारी बसल्या. डिझेल इंजिन भारनियमनाच्या काळातला आधार म्हणून राहिले. फूटव्हॉल्व्ह, पाइप आणि बेंड यांचा हिशेब मोटारीलाही तसाच लागू पडतो. फरक इतकाच, की अडलेला पाइप तिथे धूर दाखवत नाही, तो विजेच्या बिलात दिसतो.