पुरवठाशास्त्रातील सहलेखन

मालाची वाहतूक, साठवण व वाटप यांचा शास्त्रीय विचार करणाऱ्या विद्याशाखेस पुरवठाशास्त्र किंवा लॉजिस्टिक्स असे म्हणतात. एका संशोधनलेखाचे कर्तृत्व दोन वा अधिक अभ्यासकांनी घेण्याची, म्हणजेच सहलेखनाची, प्रथा या शाखेत मुख्यत्वे दुसऱ्या महायुद्धानंतर रुजली.

त्यापूर्वीचे काही मूलभूत लेखन एकेकट्याचे आहे. साठा मागविण्याच्या किफायतशीर परिमाणाचे सूत्र फोर्ड व्हिटमन हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने १९१३ मध्ये मांडले. एकट्याच्या नावावरील लेखाचे श्रेय निर्विवाद राहते असे मात्र नाही : हेच सूत्र पुढे दीर्घकाळ विल्सन या दुसऱ्याच लेखकाच्या नावाने ओळखले गेले.

युद्धकाळात ब्रिटन व अमेरिका येथे शास्त्रज्ञ व लष्करी अधिकारी यांचे गट ताफ्यांच्या व पुरवठ्याच्या प्रश्नांवर एकत्र काम करू लागले, आणि ती सवय शांततेच्या काळातही टिकली. डँट्झिग, फल्कर्सन व जॉन्सन या तिघांनी १९५४ मध्ये अमेरिकेतील ४९ शहरांच्या फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न सोडविला. गणितज्ञ डँट्झिग व तेलकंपनीतील रॅम्सर यांनी १९५९ मध्ये पेट्रोलपंपांना तेल पोहोचविणाऱ्या मालमोटारींचे मार्ग ठरविण्याचा प्रश्न मांडला. त्यावर क्लार्क व राइट यांची सुधारित बचत-पद्धती १९६४ मध्ये प्रसिद्ध झाली. सहलेखनाचा खरा लाभ येथे दिसतो. एकाजवळ प्रश्न व प्रत्यक्ष आकडे असतात, तर दुसऱ्याजवळ रीत. केवळ नावे वाढल्याने तो पदरी पडत नाही.

जे फॉरेस्टर यांनी ग्राहकांच्या मागणीतील लहान चढउतार कारखान्यापर्यंत जाताना कसे वाढत जातात, हे १९५८ मध्ये एकट्यानेच दाखविले होते. त्याची चार कारणे वेगळी करणारे विवेचन ली, पद्मनाभन व ह्वांग यांनी १९९७ मध्ये केले. दोन्हींपैकी कोणतेही दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

श्रेयाची वाटणी हा सहलेखनाचा नाजूक भाग होय. नावे रोमन वर्णानुक्रमे दिल्यास कोणाचा वाटा किती, हे कळत नाही. आणि तीन-चार लेखकांपैकी पहिल्याचेच नाव देऊन ‘व इतर’ असे लिहिण्याच्या रूढीमुळे उरलेले दिसेनासे होतात. पदोन्नती लेखसंख्येवर अवलंबून असते, तेथे याचे परिणाम तरुण संशोधकास विशेष जाचक ठरतात.

वाढीचा तत्कालीन वेग कायम राहिल्यास रसायनशास्त्रातील एकलेखकी लेख १९८० पर्यंत नाहीसे होतील, असे डेरेक प्राइस यांनी १९६३ मध्ये म्हटले होते. तसे घडले नाही.