तांदळाच्या डब्यातली बँक

इतिहास सांगतो की पोस्टाची बचत बँक देशभर १८८२ साली सुरू झाली. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँका सरकारच्या झाल्या. पुढे २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला आणि धानोरा तिकडे गेला. पण या साऱ्यांहून जुनी बँक कुठल्याच पुस्तकात नाही. तिची एक शाखा धानोऱ्यात, आमच्या तांदळाच्या डब्यात होती. सौ.ला ती आईकडून मिळालेली, आईला आजीकडून.

संसार नवा, पगार कारकुनाचा. मी पडलो बी.कॉम.! दरमहा जमाखर्च मांडायचा, शिल्लक बरोब्बर शून्य. हिशेब जुळला म्हणून मी खूश, सौ. नुसती हसायची.

एका पावसाळी रात्री पोराला ताप चढला. गडचिरोलीला न्यायला जीप मिळाली, पण खिसा रिकामा आणि बँकेला कुलूप. "अहो, सरका जरा," म्हणत तिनं तांदळात कोपरापर्यंत हात घातला अन् पुरचुंडी काढली. भाजी, दूध, रद्दी यांतून वाचवलेले पैसे!

पोरगा बरा झाला. मी वही उघडून विचारलं, "हे कुठल्या खात्यात दाखवू?"

"कुठल्याच नको. दाखवले नाहीत, म्हणून तर उरले!"