कल, गळ आणि गल

भामरागडच्या जंगलात माडिया गोंडांच्या गावाबाहेर उभे दगड दिसतात. एखादा गुडघ्याएवढा, एखादा पुरुषभर उंच. बहुतेक न घडवलेले. त्यांवर ना आकृती ना अक्षर. गेलेल्या माणसासाठी भाऊबंदांनी उभारलेले हे दगड. गोंडीत दगड म्हणजे ‘कल’. इंद्रावतीपलीकडे बस्तरात अशा दगडाला ‘उरसकल’ म्हणतात. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन या अधिकाऱ्याने 1938 सालच्या ‘द मारिया गोंड्स ऑफ बस्तर’मध्ये या दगडांची तपशिलाने दखल घेतली.

हा ‘कल’ मराठीला परका नाही, नुसता ओळखू येत नाही. तमिळात दगड ‘कल्’, कन्नडात ‘कल्लु’. लढाईत पडलेल्या वीराचा दगड तो कन्नडात ‘वीरगल्लु’. समासात ‘क’चा ‘ग’ झाला, मराठीत येताना ‘ल’चा ‘ळ’, आणि गावच्या देवळाशी टेकवून ठेवलेला वीरगळ आपला झाला. इंद्रावतीकाठचा कल त्याचा चुलतभाऊच. पण स्वभाव निराळे. वीरगळ बोलका: खालच्या थरात लढाई, त्यावर अप्सरांसंगे स्वर्गारोहण, वर शिवलिंगाची पूजा. वीर कैलासाला पोचला हे तो सांगून टाकतो. माडियांचा दगड कुणाला कुठे पाठवत नाही. मेलेला इथेच आहे, गावाच्या शिवारात. त्याला दारू-जेवणाचा वाटा द्यायचा.

हा वाटा चुकला तर काय होतं, याची धास्ती फार जुन्या काळी इराकात होती. सुमेरी लोकांच्या पाताळाची राणी एरेश्किगल. तिच्या नावातही ‘गल’ आहे म्हणून हुरळून जाऊ नये. सुमेरीत एरेश म्हणजे राणी, की म्हणजे भूमी, गल म्हणजे मोठं. मोठ्या भूमीची राणी. आपल्या गळाशी त्याचं काही सोयरं नाही. नुसत्या आवाजावरून कुळं जुळवणाऱ्यांनी हे उदाहरण पाठ करावं.

ही राणी कठोर, पण पापपुण्याचा हिशेब मागणारी नव्हे. सख्खी बहीण इनान्ना भेटीला आली, तर सात दारांवर एकेक अलंकार उतरवून तिला उघडी केली. राणीला स्वतःलाही वर येता येत नाही. देवांच्या मेजवानीतला आपला वाटा आणायला ती नम्तार या कारभाऱ्याला धाडते. प्रजेचं पोट भरायचं ते वरच्या लेकरांनी. ‘किस्पू’ या विधीत घरचे लोक पितरांना अन्नपाणी देत. एका सुमेरी काव्यात एकुलता मुलगा असलेला मृत रडताना दिसतो, सात मुलांचा बाप देवांच्या पंगतीला. अक्षय्य तृतीयेला पितरांची घागर भरणाऱ्या घरांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

विदर्भात नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी इथे लोहयुगातली दगडी वर्तुळं आहेत, त्यांत मृतांसोबत पुरलेली लोखंडी हत्यारं सापडली. माडियांचे दगड थेट त्यांचेच वारस, असं कुणी म्हटलं की मी सावध होतो. मधली दोन हजारांहून अधिक वर्षं एका उडीत ओलांडता येत नाहीत. वर्तुळाखाली प्रेत असतं. उभ्या दगडाखाली असेलच असं नाही.

बस्तरच्या माडियांची समजूत अशी, की आत्मा समाधानी असला तर दगड वाढतो. म्हणून रोवून झाल्यावरही नजर ठेवायची: मागच्या खेपेपेक्षा उंच दिसतो का?