मिठाच्या खाणीतील स्वर

श्रोतेहो, शासकीय अभिलेखांची अ, ब, क आणि ड अशी वर्गवारी असते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. 'अ' वर्गातील कागद कायमचे जतन करावयाचे, 'ड' वर्गातील कागद अल्पावधीतच नष्ट करावयाचे आणि मधल्या दोन वर्गांना ठराविक मुदतीचे आयुष्य द्यावयाचे, अशी ही व्यवस्था आहे. ती गैर आहे असे मी म्हणणार नाही. सगळेच कागद ठेवावयाचे म्हटले तर कचेरीत माणसांना बसावयास जागा उरणार नाही. परंतु नोकरीच्या आरंभीच्या काळात एका अभिलेख कक्षात घडलेला प्रसंग अद्याप माझ्या मनातून गेलेला नाही. एक वृद्ध बाई १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडण्याच्या कामावरचे हजेरीपत्रक पाहावयास आल्या होत्या. पैशाचा दावा नव्हता. त्या कामावर त्यांचा थोरला भाऊ दगावला होता, आणि त्याचे नाव कोठेतरी लिहिलेले आपल्याला एकदा पाहावयाचे आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. हजेरीपत्रके नियमानुसार केव्हाच नष्ट झाली होती. मी तसे सांगितले. बाईंनी पदर सावरला, "बरं आहे, साहेब" असे म्हटले आणि त्या निघून गेल्या.

या प्रसंगाची आठवण मला अगदी अनपेक्षित ठिकाणी झाली. एल्व्हिस प्रेस्ली या अमेरिकन गायकाच्या मैफलींवरील अनुबोधपटांच्या जीर्णोद्धाराची हकीगत मी वाचत होतो. दुष्काळी कामावरचा मजूर कोठे आणि रॉक अँड रोलचा सम्राट कोठे! परंतु काय ठेवावे आणि काय टाकावे हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे, आणि त्याचे उत्तर देताना माणसाची किती सहजपणे चूक होते, हेही दोन्हीकडे सारखेच आहे.

प्रथम त्या गायकाविषयी थोडेसे सांगितले पाहिजे. एल्व्हिसचा जन्म ८ जानेवारी १९३५ रोजी मिसिसिपी राज्यातील ट्युपेलो या गावी, एका अत्यंत गरीब कुटुंबात झाला. त्याच्याबरोबर जन्मलेला जुळा भाऊ मृतावस्थेतच जन्मास आला होता. १९४८ मध्ये हे कुटुंब मेम्फिस शहरी आले. तेथे १९५४ च्या जुलै महिन्यात सॅम फिलिप्स यांच्या सन रेकॉर्ड्स या छोट्या ध्वनिमुद्रण संस्थेत ट्रक हाकणाऱ्या या एकोणीस वर्षांच्या पोराने पहिली तबकडी गायिली. गाणे मूळचे आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय गायकाचे होते. पुढच्या दोन वर्षांत हा पोरगा साऱ्या अमेरिकेत गाजू लागला. १९५८ ते १९६० या काळात त्याने सैन्यात सक्तीची नोकरी केली, आणि तेथून परतल्यावर बहुतेक सारे दशक हॉलिवूडच्या सुमार चित्रपटांत घालविले. रंगमंच त्याच्यापासून जवळजवळ सुटलाच होता. १९६८ च्या डिसेंबरात दूरचित्रवाणीवर झालेल्या एका कार्यक्रमाने तो पुन्हा जागा झाला, आणि ३१ जुलै १९६९ रोजी लास व्हेगास येथील नव्याने उघडलेल्या इंटरनॅशनल हॉटेलात तो पुन्हा श्रोत्यांसमोर उभा राहिला. चार आठवड्यांत त्याने तेथे ५७ प्रयोग केले.

त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे १९७० च्या उन्हाळ्यात, एम-जी-एम या चित्रसंस्थेने या पुनरागमनाचे चित्रण करण्याचे ठरविले. दिग्दर्शनासाठी डेनिस सँडर्स या ऑस्कर पारितोषिक मिळविलेल्या अनुबोधपटकाराची निवड झाली. छायालेखक होते ल्यूशियन बॅलार्ड. जुलैत तालमींचे आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात प्रत्यक्ष मैफलींचे चित्रण झाले. गाण्याचे ध्वनिमुद्रण बहुपट्टी यंत्रावर, म्हणजे गायकाचा आवाज, गिटार, तालवाद्ये, साथीचे गायक हे सारे वेगवेगळ्या पट्ट्यांवर, घेण्यात आले. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरणार आहे, म्हणून तो ध्यानात ठेवावा. १९७० च्या नोव्हेंबरात 'दॅट्स द वे इट इज' या नावाने चित्रपट प्रदर्शित झाला. दोन वर्षांनी पिअर अ‍ॅडिज आणि रॉबर्ट एबल यांनी त्याच्या दौऱ्यावर 'एल्व्हिस ऑन टूर' हा दुसरा अनुबोधपट काढला. त्याच्या संकलनात त्या वेळी फारसे नाव नसलेल्या मार्टिन स्कॉर्सेसी यांचा हात होता.

आता कोणत्याही अनुबोधपटाचे असे असते की, जेवढे चित्रण होते त्याचा फार लहान अंश पडद्यावर येतो. उरलेल्या चित्रफिती डब्यांत भरल्या जातात, डब्यांवर क्रमांक पडतात आणि डबे कोठडीत जातात. पुढे संस्था विकल्या जातात, कोठड्या बदलतात, नोंदवह्या हरवतात. कचेरीच्या भाषेत बोलावयाचे तर हा 'ड' वर्गाचा माल. तो नष्ट झाला नाही तर त्याचे श्रेय बहुधा कोणाच्या दूरदृष्टीला नसते, विस्मरणाला असते.

मूळ चित्रपटाची गोष्ट येथे संपली नाही. २००१ मध्ये रिक श्मिडलिन यांनी 'दॅट्स द वे इट इज'चे नव्याने संकलन केले. ऑर्सन वेल्स यांचा 'टच ऑफ ईव्हिल' आणि एरिक फॉन श्ट्रोहाइम यांचा 'ग्रीड' या चित्रपटांची पुनर्रचना करून त्यांनी नाव मिळविले होते. त्यांनी कोठडीतून न वापरलेली गाणी आणि तालमींतील प्रसंग बाहेर काढले. मात्र त्यांना जागा करून देण्यासाठी मूळ चित्रपटातील बराच भाग गाळला. गाळले काय, तर मुख्यतः चाहत्यांच्या मुलाखती, लक्झेंबर्ग येथे भरलेला चाहत्यांचा मेळावा, हॉटेलातील धावपळ. रसिकांनी या नव्या आवृत्तीचे स्वागत केले, आणि ते स्वाभाविक होते. गाणे ऐकावयास आलेल्या माणसाला मध्येच कोणाचे मनोगत ऐकविले तर तो चुळबुळ करणारच.

परंतु इतिहासाच्या दृष्टीने येथेच पाल चुकचुकते. १९७० च्या चित्रपटात ते चाहते होते म्हणूनच तो १९७० चा होता. त्यांचे कपडे, त्यांचे बोलणे, एका गायकाभोवती आपले आयुष्य गुंफण्याची त्यांची धडपड, हा सारा त्या काळाचा पुरावा होता. नव्या आवृत्तीत गायक अधिक दिसतो, पण त्याला गायक बनविणारी माणसे पुसट होतात. आपल्याकडे जुन्या देवळांचा जीर्णोद्धार पुष्कळदा कसा होतो ते आपण पाहिले आहे. काळ्या पाषाणावर तैलरंगाचे हात फिरतात, देऊळ झगझगीत होते, आणि छिन्नीचे मूळ घाव कायमचे बुजून जातात. श्मिडलिन यांचे काम इतके ओबडधोबड मुळीच नव्हते. तरीही जीर्णोद्धार आणि नवनिर्मिती यांच्यामधील रेषा किती नाजूक आहे, ते यावरून कळते.

यानंतरचा अध्याय अधिक विलक्षण आहे. एम-जी-एमचा जुना चित्रसंग्रह हस्तांतर होत होत वॉर्नर ब्रदर्स या संस्थेकडे आला होता. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात जमिनीखाली मिठाच्या खाणी आहेत. त्यांतील खोदून रिकामी झालेली दालने अभिलेख आणि चित्रफिती ठेवण्यासाठी वापरली जातात. तेथील हवा बाराही महिने कोरडी आणि एकसारख्या तपमानाची असते, आणि चित्रफितीला याहून अधिक काही नको असते. ऑस्ट्रेलियन दिग्दर्शक बाझ लुहरमन हे २०२२ मध्ये प्रदर्शित झालेल्या आपल्या 'एल्व्हिस' या कथापटाची सिद्धता करीत असताना त्यांच्या सहकाऱ्यांनी या कोठड्यांचा शोध घेतला, आणि ६८ खोके हाती लागले. त्यांत सुमारे ५९ तासांचे चित्रण निघाले. आणखी एक ठेवा मिळाला, तो म्हणजे एल्व्हिस स्वतःच्या आयुष्याविषयी बोलत असल्याचे पाऊण तासाचे ध्वनिमुद्रण.

अडचण एवढीच होती की चित्रण मुके होते. चित्रपटाचे चित्र आणि ध्वनी चित्रणसमयी वेगवेगळ्या यंत्रांवर घेतले जातात, आणि ती दोन्ही पुढे जुळवावी लागतात. चित्र एका खोक्यात आणि आवाज भलत्याच संग्रहात, अशी येथे गत झाली होती. एका सेकंदाला २४ चित्रे या हिशेबाने ५९ तासांची चित्रे ५० लाखांहून अधिक होतात. त्यांतील गायकाचे ओठ, ढोलवादकाच्या काठीचा आघात, गिटारच्या तारेवरील बोट पाहून त्या क्षणाचा ध्वनी कोणत्या रात्रीच्या कोणत्या पट्टीवर आहे, हे शोधावयाचे होते. एकाच आठवड्यात तेच गाणे अनेक रात्री गायिलेले. दिसावयास सारखे, ऐकावयास किंचित निराळे. बहुपट्टी ध्वनिमुद्रणाचा उपयोग येथे झाला. या जुळवणीला सुमारे दोन वर्षे लागली. चित्राच्या शुद्धीकरणाचे काम न्यूझीलंडमध्ये पीटर जॅक्सन यांच्या पथकाने केले. सिद्ध झालेला चित्रपट, 'एपिक: एल्व्हिस प्रेस्ली इन कॉन्सर्ट', २०२५ च्या सप्टेंबरात टोरांटोच्या चित्रपट महोत्सवात प्रथम दाखविण्यात आला.

टोरांटो हे नाव येथे सहज आले, पण त्याला एक करुण अर्थ आहे. अमेरिकेबाहेर एल्व्हिस ज्या मोजक्या शहरांत गायिला त्यांपैकी ते एक. १९५७ साली कॅनडातील तीन शहरांत त्याचे कार्यक्रम झाले, आणि त्यानंतर आयुष्यात पुन्हा कधीही त्याने परदेशी मैफल केली नाही. त्याचे व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर हे मूळचे हॉलंडमधील ब्रेडा गावचे. नाव बदलून ते अमेरिकेत राहिले होते आणि त्यांच्याजवळ पासपोर्ट नव्हता. परदेश दौरे न होण्याचे हे एक कारण मानले जाते. म्हणजे युरोपातील, आशियातील, आपल्या हिंदुस्थानातील लक्षावधी श्रोत्यांना हा माणूस गाताना कसा दिसत होता, हे कळण्याचा मार्ग चित्रफीत हाच होता आणि आहे.

आणि तो कसा दिसत होता? १६ ऑगस्ट १९७७ रोजी, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी तो गेला. मी आज त्या वयाच्या पुढे आलो आहे, म्हणून हा आकडा मला अधिक बोचतो. मृत्यूनंतर त्याची जी प्रतिमा शिल्लक राहिली ती त्याच्या अखेरच्या वर्षांची होती: स्थूल देह, चमकदार पोशाख, औषधांनी जडावलेली मुद्रा. नकलाकारांनी तिचे विडंबन केले आणि लोकांनी त्या विडंबनालाच चरित्र मानले. १९७० च्या चित्रणात निराळा माणूस दिसतो. तो ३५ वर्षांचा आहे. तालमीत तो वादकांशी थट्टा करतो, शब्द चुकतो, स्वतःलाच हसतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. कष्ट करणारा कलावंत म्हणून तो आपल्याला भेटतो. दंतकथेखाली दडपून गेलेला एक कामकरी माणूस या चित्रफितींनी परत दिला, हे जीर्णोद्धाराचे खरे फळ होय.

तथापि चित्र स्वच्छ झाले म्हणजे इतिहास स्वच्छ झाला असे नव्हे. या चित्रपटांत त्याच्यामागे 'स्वीट इन्स्पिरेशन्स' हा कृष्णवर्णीय गायिकांचा संच उभा आहे. देवळातील भक्तिगीतांतून आलेला त्यांचा स्वर त्याच्या स्वराला उचलून धरतो. ज्यांच्या संगीतावर रॉक अँड रोल उभे राहिले त्या कृष्णवर्णीय गायकांपैकी अनेकांना ना कीर्ती मिळाली ना पैसा. पहिल्या तबकडीचे मूळ कवी-गायक क्रुडप यांना आपल्या हक्काच्या मानधनासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले आणि १९७४ मध्ये ते निर्धन अवस्थेतच वारले. पडद्यावरील धूळ पुसताना ही ऋणेही स्पष्ट दिसू लागली पाहिजेत. नाहीतर जीर्णोद्धार म्हणजे केवळ झिलई.

मग जीर्णोद्धाराची मर्यादा कोणती? मला वाटते, तिचे उत्तर आपल्या घरातच आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ मध्ये आरंभ झालेले ते काम १९६६ मध्ये पूर्णत्वास गेले. डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो हस्तलिखिते पडताळून जे श्लोक मागाहून घातलेले वाटले ते मुख्य पाठातून काढले, परंतु फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवले. उद्याच्या अभ्यासकाला आपला निर्णय चुकीचा वाटला तर त्याला तो तपासता यावा, हा त्यामागील विनय होता. चित्रपटांनाही हाच न्याय लावावा. नवी आवृत्ती अवश्य काढावी, पण जुनी आवृत्ती जशीच्या तशी उपलब्ध ठेवावी, आणि गाळलेल्या चित्रफितीचा एकही तुकडा नाहीसा होऊ देऊ नये.

हे आपण दुसऱ्यांना सांगावे अशी आपली स्थिती आहे काय, असे कोणी विचारील. दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आज संपूर्ण रूपात आपल्याजवळ नाही. १९३१ चा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, समूळ नाहीसा झाला आहे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये. तोपर्यंत मूकपटांच्या युगातील बहुतेक ठेवा गेला होता. पी. के. नायर यांच्यासारख्या एका निष्ठावंत अधिकाऱ्याने वखारी आणि अडगळीच्या खोल्या धुंडाळल्या नसत्या, तर जे उरले तेही उरले नसते. आपल्या नशिबी मिठाच्या खाणी नव्हत्या; दमट हवा होती, आणि जुन्या चित्रफितींतून चांदी काढून विकण्याची चाल होती.

श्रोतेहो, खोके ६८ होते. त्यांतील एकही 'कायम जतन' म्हणून ठेवला गेला असेल असे मला वाटत नाही. ते जपले गेले, कारण जागा कोरडी होती आणि ते टाकून देण्याचा निर्णय कोणी घेतला नाही. आपल्या हाताखाली आलेले कागद निकालात काढण्याच्या आदेशावर मी आजही सही करतो. ते माझे कर्तव्यच आहे. मात्र त्या बाई येऊन गेल्यापासून सहीपूर्वी मी गठ्ठा सोडतो, आणि आतील नावे एकदा वाचून पाहतो.