न भरणारी जखम आणि दाबाखालचा प्राणवायू

तेरखेड्यात येऊन शोभेच्या दारूवर बोलायचं धाडस आम्ही करणार नाही. पण सोरा जाळाला प्राणवायू पुरवतो, हे इथं वेगळं सांगायला नको. आज आपण त्याच प्राणवायूचा दुसरा इतिहास पाहू. न भरणाऱ्या जखमेवरचा उपचार म्हणून तो कसा आला?

सुरुवात फसलेल्या दाव्यापासून करू. १९२८ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला डॉ. कनिंगहॅम यांनी ६४ फूट व्यासाचा पोलादी गोल उभारला. आत दाबाखालची हवा, खोल्यांतून रुग्ण. मधुमेह, कर्करोग, सगळ्यांवर हा एकच इलाज, असं त्यांचं म्हणणं. तिथल्या वैद्यक संघटनेनं पुरावा मागितला, तो काही मिळाला नाही. १९४२ मध्ये तो गोल भंगारात गेला.

पुढे ॲमस्टरडॅमच्या बुरेमा यांनी १९६० मध्ये दाखवलं, की तांबड्या पेशी जवळजवळ काढून टाकलेली डुकरंही तिप्पट दाबाच्या प्राणवायूत जगतात. कारण दाबामुळं प्राणवायू रक्तद्रवातच विरघळतो. आपल्याकडे मुंबईत कुलाब्याच्या 'अश्विनी' या नौदल रुग्णालयात असे कक्ष आहेत. पाण्याखाली काम करणाऱ्या पाणबुड्यांचा त्रास हे अशा कक्षांचं जुनं काम. चिघळलेल्या जखमा नंतर आल्या.

आता एक अवघड जखम घेऊ. पायोडर्मा गँग्रिनोसम. १९३० साली मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी हे नाव दिलं, तेव्हा तो जंतुसंसर्ग वाटला होता. प्रत्यक्षात शरीराची संरक्षण यंत्रणाच बिथरून त्वचेवर उलटते. म्हणून ही जखम साफ करायला कापली, तर बऱ्याचदा जास्तच पसरते. मुख्य उपचार स्टेरॉइड, सायक्लोस्पोरिन अशी औषधं. दाबाखालचा प्राणवायू पूरक, म्हणजे जोडीला.

त्यानं वेदना कमी झाल्या, जखम भरली, अशा नोंदी आहेत. पण बहुतेक एकेका रुग्णाच्या, आणि औषधं बरोबर चालूच होती. मग श्रेय कुणाचं? आपल्या परंपरेत याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ! 'नंतर' म्हणजे 'मुळे' नव्हे, एवढंच तत्त्वज्ञान आम्ही आयुष्यभर शिकवलं.

हा शब्दांचा खेळ नाही, बरं का. एकेक बैठक साधारण दीड तासाची, आणि बैठका आठवडे-आठवडे चालतात. गावाकडच्या माणसानं शहरात राहून हा खर्च करायचा, तर आधी विचारावं: निदान पक्कं आहे का? मुख्य औषध चालू आहे का? आणि फरक नाही पडला, तर थांबायचं कधी?

शेवटी तुमच्या ओळखीची गोष्ट. कक्षात सुती कपडे घालूनच जायचं. काडेपेटी, लायटर बाहेर. १९९७ साली मिलानमध्ये अशा कक्षाला आग लागून ११ जण गेले. प्राणवायू जखमेला बळ देतो आणि ठिणगीलाही. कनिंगहॅमनी त्याला सर्वस्व मानलं आणि गोल भंगारात गेला. जोडीदाराच्या जागी ठेवला, तेव्हाच तो दवाखान्यात टिकला.