उलट कललेली काच

दुसऱ्या महायुद्धात कॅनडात तयार झालेल्या लष्करी ट्रकसमोर उभे राहिले, की एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. एरवी गाडीची पुढची काच वरच्या बाजूने मागे कललेली असते. या ट्रकची काच मात्र नेमकी उलट, वरून पुढे आलेली आणि खालून आत गेलेली. नाक चपटे आणि कपाळ पुढे, असा तो चेहरा. पाहणाऱ्याला वाटते, जुळणी करताना काहीतरी चुकले असावे. पण चुकलेले काहीच नव्हते. त्या कलाला कारण होते, आणि ते कारण युद्धाचे होते. म्हणूनच अशा ट्रकच्या गंजलेल्या खिडक्यांची दुरुस्ती हे नुसते पत्र्याचे काम उरत नाही.

थोडी मागची हकिकत सांगायला हवी. १९४० च्या मे-जूनमध्ये डंकर्कहून ब्रिटिश सैन्य सुखरूप परतले, पण साठ हजारांहून अधिक वाहने फ्रान्समध्येच टाकून यावे लागले. ही तूट एकट्या ब्रिटनला भरून काढता येणार नव्हती. तो भार कॅनडाने मोठ्या प्रमाणावर उचलला. विंडसरची फोर्ड आणि ओशावाची जनरल मोटर्स या एरवीच्या प्रतिस्पर्धी कंपन्या. त्या आता एकाच आराखड्याचे ट्रक बनवू लागल्या. इंजिन ज्याचे त्याचे, म्हणजे फोर्डचे आठ सिलिंडरचे आणि शेवरोलेचे सहा सिलिंडरचे. केबिन मात्र सारखी. या मालिकेला ‘कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न’, थोडक्यात ‘सीएमपी’ म्हणतात. सगळ्या प्रकारची मिळून कॅनडाने त्या युद्धात आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने तयार केली.

या ट्रकचे नाक आखूड आहे, कारण जहाजावर जागा कमी लागावी अशी ब्रिटिशांची अट होती. काचेचा उलटा कल आला तो १९४१ पासूनच्या ‘१३ क्रमांकाच्या’ केबिनमध्ये. मागे कललेल्या काचेवर ऊन पडले, की तिची चकाकी आकाशात जाते आणि शत्रूच्या वैमानिकाला दुरूनच दिसते. काच खालून आत नेली, की तेच ऊन जमिनीकडे वळते. चालकाच्या डोळ्यांवर येणारी तिरीपही कमी होते. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ही चकाकी जिवावर बेतत असे. तिथे सैनिक काचेला चिखल फासत, नाहीतर काच सरळ काढूनच टाकत.

या ट्रकचा आणि आपल्या मुंबईचा संबंध जवळचा आहे. शिवडीला १९२८ पासून जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना होता. युद्धकाळात कॅनडाहून सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि मुंबईत त्यांची गाडी उभी राहायची. फोर्डच्या सांगाड्यांवर भारतात चिलखती गाड्याही बांधल्या गेल्या. त्यांतल्या काही टाटांनी बांधल्या, म्हणून सैनिक त्यांना ‘टाटानगर’ म्हणत. उत्तर आफ्रिका आणि इटलीच्या ज्या मोहिमांत मराठा पलटणी लढल्या, तिथल्या रसदीचा मोठा बोजा अशाच ट्रकांनी वाहिला. पुढे यांतल्या बऱ्याच गाड्या लिलावात निघाल्या, त्यांच्यावर नवी बॉडी चढली आणि शेवटी त्या भंगारात गेल्या.

ज्या उरल्या, त्यांत आधी कुजते ती खिडकीची चौकट. काच चौकटीच्या खाचेत बसवलेली असते. वर्षे गेली की तिथले रबर कडक होऊन तडकते. पावसाचे पाणी आत उतरते आणि खालच्या पट्टीत साचून राहते. बाहेरून रंग शाबूत दिसतो, आतून पत्रा खाल्लेला असतो. लोखंडापेक्षा गंज कितीतरी पट जास्त जागा घेतो. तो फुगून काचेला दाबतो आणि कुणी दगड न मारताही काच तडकते.

जाणता कारागीर अशा वेळी लगेच कटर हातात घेत नाही. आधी तो फोटो काढतो, चौकटीचे दोन्ही कर्ण मोजतो आणि काचेचा कल मोजून लिहून ठेवतो. गंजलेल्या स्क्रूंना तेल पाजून एक-दोन दिवस थांबतो. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासत नाही. पाणी लावून घासतो आणि नाकाला मास्क बांधतो. मग जेवढा भाग कुजला तेवढाच कापतो. त्याच जाडीचा पत्रा त्याच घडीत वाकवून जागेवर बसवतो. वेल्डिंगचे टाके लहान आणि दूर दूर मारतो, कारण एकदम उष्णता दिली की पातळ पट्टी पिळवटते. प्रत्येक टप्प्याला कर्ण पुन्हा मोजतो. शेवटी आतूनही प्रायमर लावतो, आणि पाणी बाहेर जायची भोके बुजलेली नाहीत ना हे पाहतो.

याहून सोपा रस्ता आहेच. सगळी चौकट फेकून बाजारातल्या पट्टीची नवी करायची. दोन दिवसांत काम होते, खर्चही कमी येतो. पण बसवताना सोयीसाठी काच थोडी ‘सरळ’ केली गेली, की ट्रक देखणा होतो आणि मुका होतो. आकाशातून येणाऱ्या विमानाची भीती ज्या कोनात गोठली होती, तो कोनच गेला, तर पुढच्या पिढीला ती कशावरून कळणार?

लेण्यांच्या किंवा किल्ल्यांच्या बाबतीत ही गोष्ट आता आपल्याला पटू लागली आहे. जुने शक्य तेवढे ठेवायचे आणि नवे कुठे जोडले ते कळेल असे ठेवायचे. यंत्रांच्या बाबतीत अजून तेवढे भान आलेले नाही. म्हणून नव्या तुकड्याच्या आतल्या अंगावर दुरुस्तीचे साल कोरावे आणि कापलेला जुना तुकडा चिठ्ठी लावून जपून ठेवावा. याला फारसा पैसा लागत नाही. पुढे कुणी ती चौकट पुन्हा उघडली, तर १९४३ चा पत्रा कोणता आणि आपला कोणता, हे त्याला विचारत बसावे लागणार नाही.